पदवीच्या गणितवर्गात जिओजेब्रा: सांगलीहून एक परीक्षण

जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर शाळेच्या भूमितीसाठी चांगले आहे, याबद्दल आता फारसे कोणाचे दुमत नाही. वर्तुळ काढावे, त्यात जीवा काढावी, कंसावरचा बिंदू सरकवावा आणि अंतर्लिखित कोन बदलत नाही हे मुलांना दाखवावे, एवढ्यासाठी ते अनेक शाळांत वापरले जाते. प्रस्तुत परीक्षण त्या वापराचे नाही. बी.एस्सी.च्या वर्गात, म्हणजे गणित आकडेमोडीकडून सिद्धतेकडे वळते त्या टप्प्यावर, हे साधन शिक्षकाच्या आणि विद्यार्थ्याच्या कितपत कामी येते, हा माझा प्रश्न आहे. सांगलीत पदवीचे गणित शिकवताना मी ते बराच काळ वापरत आले आहे आणि माझे मत बहुतांशी अनुकूल आहे. मात्र ज्या कारणासाठी त्याची सहसा शिफारस केली जाते, त्या कारणासाठी नव्हे. 'आलेख दिसला की मुलांना समजते' असे म्हटले जाते. माझा अनुभव असा की आलेख हलताना पाहून विद्यार्थ्याला नेमका प्रश्न पडतो, आणि पदवीच्या गणितात प्रश्न नेमका पडणे हेच अर्ध्याहून अधिक काम असते.

आमच्याकडे सांगली-मिरजेचे विद्यार्थी असतात, तसेच तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत या भागांतून रोज एस.टी.ने येणारेही असतात. बारावीला गणितात चांगले गुण मिळवलेली ही मुले डेरिव्हेटिव्ह भराभर काढतात, इंटिग्रेशनचे नमुने त्यांना तोंडपाठ असतात. महाविद्यालयात लिमिटसारख्या कल्पनांचा काटेकोर सिद्धतेने अभ्यास करणारे रिअल अ‍ॅनालिसिस सुरू झाले, की 'दिलेल्या प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा मिळतो की' हे लहान धन संख्यांविषयीचे वाक्य फळ्यावर उमटते आणि वहीवरचे हात थांबतात. यात सूत्र कोणते आणि किंमत कोठे घालायची, हे त्यांना सापडत नाही. 'प्रत्येक' आधी आले की 'एक तरी' आधी आले यावर विधानाचा सगळा अर्थ अवलंबून असतो, ही गोष्ट त्यांनी तोवर गणितात फारशी पाहिलेली नसते. या अडलेल्या जागी मदत होते की नाही, यावरच मी जिओजेब्राला जोखले आहे.

साधनाची जुजबी माहिती आधी देते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये आपल्या प्रबंधाचे काम म्हणून याची सुरुवात केली. व्यापारी हेतू नसेल तर त्याचा वापर विनामूल्य आहे, आणि संगणक प्रयोगशाळेसाठी परवाने विकत घेण्याची ऐपत नसलेल्या महाविद्यालयांसाठी ही बाब निर्णायक ठरते. विंडोज, लिनक्स, मॅक, तसेच अँड्रॉइड आणि आयफोन या सर्वांवर ते चालते. काहीही न बसवता ब्राउझरमध्येही उघडता येते. नवख्या माणसाचा गोंधळ होतो तो एकाच नावाखाली मिळणाऱ्या वेगवेगळ्या अ‍ॅपमुळे. ग्राफिंग कॅल्क्युलेटर, थ्रीडी कॅल्क्युलेटर, कॅस कॅल्क्युलेटर आणि या सर्वांना एकत्र आणणारे क्लासिक अशी ती विभागणी आहे. प्रयोगशाळेतील संगणकांवर क्लासिकची पाचवी आवृत्ती बसवावी, असे माझे मत आहे. ती जुन्या यंत्रांवर चालते आणि एकदा बसवली की इंटरनेटची गरज राहत नाही. विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर ग्राफिंग आणि थ्रीडी ही दोन अ‍ॅप पुरेशी होतात.

आता प्रत्यक्ष वर्गातल्या वापराकडे वळते. रीमान इंटिग्रल, म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ आयतांच्या साहाय्याने ठरवण्याची रीत, शिकवताना अप्पर सम (वक्राच्या वर जाणाऱ्या आयतांची) आणि लोअर सम (वक्राखाली राहणाऱ्या आयतांची) या दोन बेरजांची व्याख्या द्यावी लागते. जिओजेब्रामध्ये त्यासाठी 'अपरसम' आणि 'लोअरसम' अशा आज्ञाच आहेत. फल (फंक्शन), मध्यंतराची (इंटरव्हलची) दोन टोके आणि आयतांची संख्या दिली की आयत रंगवून दिसतात आणि बेरीजही लिहून येते. ० ते १ या मध्यंतरावर क्षचा वर्ग हे फल घेतले आणि १० भाग केले, तर वरची बेरीज ०.३८५ आणि खालची ०.२८५ येते. १०० भाग केले तर ०.३३८३५ आणि ०.३२८३५. येथवर कोणताही विद्यार्थी 'दोन्ही बेरजा एक तृतीयांशाकडे जातात' असे म्हणतो आणि समाधान पावतो. या जागी स्लायडर (पडद्यावर सरकवून संख्या बदलण्याची पट्टी) पुढे न ढकलता थांबावे आणि दोन बेरजांमधल्या फरकाकडे पाहायला सांगावे. १० भागांना फरक ०.१, १०० भागांना ०.०१. इतका सरळ आकडा का यावा? वरच्या आणि खालच्या आयतांमधले जे छोटे तुकडे उरतात, ते सगळे आडवे सरकवून एकाच स्तंभात रचले तर काय होईल, असे विचारले की मागच्या बाकावरूनही उत्तर येते: एक उंची आणि एक भागिले न (न म्हणजे भागांची संख्या) रुंदी असलेला एकच उभा आयत तयार होतो. आता फल बदलून क्षचा घन घ्यावा, क्षचे वर्गमूळ घ्यावे. फरक तोच राहतो. फरकाचा आकडा फलाच्या टोकांवरच्या दोन किमतींवर आणि भागांच्या रुंदीवरच अवलंबून आहे, आणि त्यासाठी फल सतत चढते असणे एवढेच लागते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः पाहिलेले असते. 'प्रत्येक मोनोटोन (सतत चढते किंवा सतत उतरते) फल रीमान इंटिग्रेबल असते' हे प्रमेय त्यानंतर फळ्यावर लिहिले, तर त्याची सिद्धता त्यांच्याच वाक्यांत लिहून होते. केवळ फळ्यावर हेच प्रमेय शिकवता येते, पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. पण फल बदलून पाहण्याची आणि फरक न बदलल्याचे आश्चर्य वाटण्याची संधी खडूने देता येत नाही.

युनिफॉर्म कन्व्हर्जन्स (फलांची मालिका सगळ्या बिंदूंवर एकाच वेळी लिमिटच्या जवळ येणे) हा दुसरा प्रसंग, आणि माझ्या मते या साधनाची खरी कसोटी येथे लागते. ० ते १ वर क्षचा न वा घात ही फलांची मालिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. प्रत्येक बिंदूवर वेगळे पाहिले तर लिमिट मिळते: १ च्या अलीकडे सर्वत्र ० आणि १ या बिंदूवर १. विद्यार्थ्यांना हे पटते आणि 'मग कन्व्हर्ज झालेच की' असे ते म्हणतात. आता जिओजेब्रात ०.१ उंचीवर एक आडवी रेषा काढावी आणि अक्षापासून त्या रेषेपर्यंतचा पट्टा रंगवावा. प्रश्न असा की न पुरेसा मोठा घेतला, तर १ हा बिंदू वगळून उरलेला सगळा वक्र त्या पट्ट्यात मावेल का? न १० असताना वक्र सुमारे ०.७९४ पाशी पट्ट्याबाहेर पडतो. न १०० असताना ०.९७७ पाशी. न १००० केला की पडद्यावर वक्र दिसेनासाच होतो. तो उजव्या कडेला उभ्या रेघेसारखा चिकटतो आणि अनेक जण 'आता मावला' म्हणतात. मग त्या कोपऱ्यात झूम करत जावे. ०.९९७७ च्या आसपास तोच वक्र, तसाच वळण घेत, पट्टा ओलांडताना दिसतो. वक्र पट्ट्यातून बाहेर पडण्याचे थांबत नाही. त्याची बाहेर पडण्याची जागा तेवढी कोपऱ्याकडे सरकते. यानंतर मध्यंतर ० ते ०.९ असे छाटावे आणि पुन्हा विचारावे. न २१ पर्यंत वक्राचे टोक पट्ट्याबाहेर डोकावते, २२ ला संपूर्ण वक्र आत येतो आणि पुढे आतच राहतो. एकच न सगळ्या बिंदूंना पुरतो की प्रत्येक बिंदूला आपला वेगळा न लागतो, हा व्याख्येतला बारकावा येथे डोळ्यांना दिसतो, आणि 'प्रत्येक' व 'एक तरी' यांचा क्रम का महत्त्वाचा हे विद्यार्थी स्वतःहून बोलू लागतात.

येथे एक तांत्रिक सूचना द्यायलाच हवी. क्षचा न वा घात टाईप केला की न साठी स्लायडर आपोआप तयार होतो, पण त्याची मर्यादा उणे ५ ते ५ आणि पायरी ०.१ अशी ठरलेली असते. ती तशीच ठेवली तर न अपूर्णांकी आणि ऋण किमतीही घेतो, वक्र भलतीकडेच उसळतो आणि वर्गाचे लक्ष मूळ प्रश्नावरून उडते. तास सुरू होण्यापूर्वी स्लायडरच्या मांडणीत जाऊन १ ते १००० ही मर्यादा आणि १ ही पायरी ठरवून ठेवावी. बाब किरकोळ आहे. तास बिघडवण्याइतकी मोठीही आहे.

स्लायडर हलवण्यापूर्वी प्रत्येकाने काय होईल ते वहीत लिहायचे, असा माझ्या वर्गात नियम आहे. तो या सॉफ्टवेअरच्या वापरातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी मानते, कारण अंदाज न बांधता पाहिलेला हलता आलेख हा सिनेमा होतो. सुंदर दिसतो, विद्यार्थी कौतुकाने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. अंदाज लिहिलेला असेल आणि तो चुकला, तर चुकण्याचे कारण शोधण्याची ओढ लागते. सॉफ्टवेअर ही शिस्त स्वतःहून लावत नाही. ती शिक्षकालाच आणावी लागते.

शिकवण्यापेक्षा शोध घेण्यासाठी हे साधन किती पुढे नेते, याचे सर्वांत समाधान देणारे उदाहरण न्यूटनच्या पद्धतीचे आहे. समीकरणाचे मूळ काढण्यासाठी वक्राला स्पर्शिका काढायची, ती क्ष-अक्षाला जेथे छेदते तेथून पुन्हा स्पर्शिका काढायची, अशी ही पद्धत न्यूमरिकल मेथड्सच्या पेपरात असते आणि विद्यार्थी कॅल्क्युलेटरवर चार ओळींचे कोष्टक करून मोकळे होतात. क्षचा घन वजा २ क्ष अधिक २ हे फल घ्यावे. त्याचे एकच वास्तव मूळ आहे, सुमारे उणे १.७६९. आता सुरुवात ० पासून करावी. पहिली पायरी १ वर नेते, दुसरी परत ० वर आणते, तिसरी पुन्हा १ वर. 'इटरेशनलिस्ट' ही आज्ञा दिली की ०, १, ०, १ अशी यादी समोर येते आणि ती कितीही लांबवली तरी तशीच राहते. पद्धत चुकत नाही, गणितही चुकत नाही, तरीही मूळ सापडत नाही, हे पाहून वर्गात कुजबुज सुरू होते.

बहुतेक विद्यार्थी याला योगायोग समजतात: ० हा एक दुर्दैवी बिंदू आहे, जरा बाजूला सरकले की सुटका होईल. म्हणून सुरुवातीचा बिंदू अक्षावर मोकळा ठेवावा आणि तो सरकवायला विद्यार्थ्यांच्याच हाती द्यावा. २ पासून निघाले तर थोडे भटकून का होईना, मूळ सापडते. ०.१ पासून निघाले तर एक पायरी सोडून येणाऱ्या किमती सुमारे ०.०८०, ०.०५२, ०.०२३ अशा होत जातात. म्हणजे शून्याच्या जवळ सुरू केलेली वाटचाल शून्याकडेच ओढली जाते, तीही वाढत्या वेगाने. आता 'योगायोग' हे उत्तर टिकत नाही. एका विद्यार्थिनीने येथे विचारले होते, की हा सापळा किती रुंद आहे, बाई? असा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या स्वाध्यायात नसतो, आणि तो विद्यार्थिनीने विचारावा यापरते मोठे समाधान शिक्षकाला नसते. सापळा का तयार होतो, याचे उत्तर मात्र कागदावरच सापडते. न्यूटनच्या पायरीला स्वतंत्र फल मानून त्याचे डेरिव्हेटिव्ह काढले, तर त्यात मूळ फलाचे दुसरे डेरिव्हेटिव्ह गुणक म्हणून येते. आपल्या फलाचे दुसरे डेरिव्हेटिव्ह ६ क्ष आहे आणि ते ० या बिंदूवर शून्य होते. चेन रूलने दोन पायऱ्यांच्या संयुक्त फलाचेही डेरिव्हेटिव्ह तेथे शून्य येते, म्हणून जवळचे बिंदू आत खेचले जातात. प्रथम वर्षाचे कॅल्क्युलस एवढ्याच भांडवलावर विद्यार्थी डायनॅमिकल सिस्टिम्सच्या, म्हणजे तीच क्रिया वारंवार केल्यास काय होते याच्या अभ्यासाच्या, दारापर्यंत पोहोचतात.

दोन चलांच्या फलांसाठी थ्रीडी कॅल्क्युलेटर चांगला आहे. क्ष वर्ग गुणिले य, भागिले क्षचा चौथा घात अधिक य वर्ग, हे फल उगमबिंदूकडे कोणत्याही सरळ रेषेने गेले तर शून्याकडे जाते, पण य बरोबर क्ष वर्ग या पॅराबोलावरून गेले तर अखेरपर्यंत अर्धाच राहते. फळ्यावर हे सांगितले तर विद्यार्थी ते अपवाद म्हणून पाठ करतात. पृष्ठभाग फिरवून पाहिला की पॅराबोलावरचा तो चिंचोळा कणा दिसतो आणि सरळ रेषा त्याला कशा चुकवतात तेही लक्षात येते. आयगेन व्हेक्टरसाठी (मॅट्रिक्सने गुणल्यावरही त्याच रेषेत राहणाऱ्या व्हेक्टरसाठी) एककवर्तुळावर फिरणारा व्हेक्टर आणि मॅट्रिक्सने गुणून येणारा व्हेक्टर शेजारी काढावेत आणि दोघे एका रेषेत केव्हा येतात ते शोधायला सांगावे. फिरवणारी मॅट्रिक्स दिली तर ते सहसा कधीच येत नाहीत, आणि 'मग वास्तव आयगेन व्हॅल्यूच नाहीत का' हा प्रश्न आपोआप येतो. डिफरन्शियल इक्वेशनसाठीची 'स्लोपफील्ड' (प्रत्येक बिंदूवरचा चढ छोट्या रेघांनी दाखवणारी) आज्ञाही उपयुक्त आहे. तिच्याविषयी वेगळे लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही.

आता उणिवांकडे, किंवा अधिक अचूक सांगायचे तर, जेथे चित्रावर विश्वास ठेवू नये अशा जागांकडे वळते. साइन एक भागिले क्ष हे फल कंटिन्युइटीच्या प्रकरणात हमखास येते. जिओजेब्रात ते काढले की शून्याजवळ शाईचा डाग पडावा तसा भरगच्च पट्टा दिसतो, आणि झूम केले की त्या पट्ट्यातली नक्षी बदलते. विद्यार्थी ती नक्षी फलाची समजतात, पण ती पडद्याची असते. ०.००१ ते ०.०१ या चिमुकल्या मध्यंतरात एक भागिले क्ष १००० पासून १०० पर्यंत येतो, म्हणजे साइनची सुमारे १४३ आवर्तने होतात. उणे १ ते १ हे अंतर पडद्यावर १००० ठिपक्यांत बसवले असेल, तर त्या मध्यंतराच्या वाट्याला चार-पाच ठिपके येतात. चार-पाच ठिपक्यांत १४३ लाटा कोणतेही यंत्र दाखवू शकणार नाही. ते मधल्या काही किमती काढते आणि त्या जोडून टाकते. हा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. चित्र जेथे थकते तेथून पुढे जाण्यासाठीच सीक्वेन्सची, म्हणजे क्रमाने येणाऱ्या संख्यांच्या रांगेची, व्याख्या हवी असते, हे त्यांना या उदाहरणातून जसे पटते तसे माझ्या सांगण्याने पटत नाही.

दुसरी जागा याहून फसवी आहे. १ वजा कोसाइन क्ष, भागिले क्ष वर्ग, याची शून्यापाशी लिमिट अर्धा आहे. कॅस भागात हीच लिमिट विचारली तर जिओजेब्रा चिन्हांच्या साहाय्याने गणित करून अर्धा असेच उत्तर देते. पण त्याच फलात क्ष ऐवजी ०.०००००००१ घातले तर उत्तर शून्य येते. कारण या किमतीला कोसाइन १ पेक्षा इतके थोडे कमी असते, की संगणकाच्या नेहमीच्या सोळा-एक अंकांच्या मांडणीत ते १ म्हणूनच साठवले जाते, आणि १ वजा १ शून्य होते. एकाच पडद्यावर एक भाग अर्धा म्हणतो आणि दुसरा शून्य. विद्यार्थ्यांना मी विचारते की तुम्ही कोणावर विश्वास ठेवाल आणि का. अर्ध-कोनाचे सूत्र वापरून तेच फल वेगळ्या रूपात लिहिले तर आकडेही अर्ध्याकडे जातात, हा शोध त्यांना लावू द्यावा. तिसरी जागा किरकोळ आहे: क्ष वर्ग वजा १ भागिले क्ष वजा १ हे फल अखंड सरळ रेषा म्हणून काढले जाते, १ या बिंदूवरचे छिद्र दिसत नाही. त्या बिंदूवरची किंमत विचारली तर मात्र प्रश्नचिन्ह येते, ते दाखवून पुढे जावे.

या गोष्टींसाठी सॉफ्टवेअरला दोष देणे योग्य होणार नाही. मर्यादित ठिपके आणि मर्यादित अंक घेऊन काम करणाऱ्या कोणत्याही साधनाची हीच गत असते. दोष येतो तो शिक्षकाने चित्राला पुरावा मानल्यास. 'आलेखावरून स्पष्ट दिसते की' असे वाक्य उत्तरपत्रिकेत दिसू लागले, तर साधन वर्गात आणण्याची पद्धत तपासावी.

काही विषयांत मात्र जिओजेब्रा फारसे हाती लागत नाही. ग्रुप थिअरी आणि रिंग थिअरी या अमूर्त बीजगणिताच्या विषयांसाठी त्याचा उपयोग जवळपास नाही; सिमेट्रीचे ग्रुप आकृतीवर दाखवण्यापलीकडे ते जात नाही. नंबर थिअरीत मूळ अवयव किंवा मसावि काढण्याच्या आज्ञा आहेत, पण हजारो संख्यांवर एखादी कल्पना तपासायची असेल तर ते अवघडून बसते. त्या कामाला विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेले सेजमॅथ हे गणिती सॉफ्टवेअर अधिक योग्य आहे. तेही विनामूल्य आहे, मात्र त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ओळख असावी लागते. आणि संख्यांच्या शोधासाठी यंत्र लागतेच असेही नाही. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म कागदावरच शोधला. ३५२४ घ्यावे, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करावी: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि त्यापुढे ६१७४ च येत राहते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचते. न्यूटनच्या पद्धतीतला सापळा पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण मी त्याच आठवड्यात वहीवर करायला देते, कारण दोन्हींतला प्रश्न एकच आहे: तीच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर आपण कोठे अडकतो?

संकेतस्थळावर इतर शिक्षकांनी केलेल्या तयार मांडण्या भरपूर आहेत, पण त्यांचा दर्जा कमी-जास्त आहे आणि अनेकांत स्लायडर हलवून पाहण्यापलीकडे विद्यार्थ्याला काही काम उरत नाही. मी त्या क्वचित वापरते. रिकाम्या पानावर फल लिहिण्यापासून सुरुवात केली तर वेळ थोडा अधिक जातो, पण कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीवर अवलंबून आहे हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावे लागते. आज्ञा इंग्रजी स्पेलिंगने लिहाव्या लागतात, याची मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीला भीती वाटते; पहिली काही अक्षरे लिहिताच पुढचे पर्याय समोर येत असल्याने ती लवकर जाते. मोबाईलच्या लहान पडद्यावर दोन-तीन स्लायडर आणि आज्ञांची यादी एकाच वेळी हाताळणे कष्टाचे आहे. प्रयोगशाळेत एका यंत्रावर दोघांनी बसावे, एकाने माउस धरावा आणि दुसऱ्याने वही, ही व्यवस्था मला सर्वांत फलदायी वाटली आहे. वीज गेली तर वही पुढे चालू राहते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या सहकाऱ्यांनी पहिल्या तासाला सगळी वैशिष्ट्ये दाखवत बसू नये. अप्पर सम आणि लोअर सम एवढेच घ्यावे. विद्यार्थ्यांनी केलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मागवता येते आणि 'कन्स्ट्रक्शन प्रोटोकॉल' उघडला की त्यांनी कोणती पायरी कोणत्या क्रमाने केली तेही कळते. त्या फाइलसोबत हाताने लिहिलेले एक पान घ्यावे: आधीचा अंदाज, पडद्यावर काय दिसले, आणि ते तसे का असावे याचे दोन-तीन ओळींतले कारण. प्रॅक्टिकलचे गुण फाइलला न देता त्या पानाला द्यावेत.